आपला आज्ञाधारक

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत मुलांना अर्जलेखन दोनदा शिकावे लागते. मराठीच्या तासाला रजेचा अर्ज लिहिताना ती खाली उजव्या कोपऱ्यात ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ असे लिहितात. उर्दूच्या तासाला तीच मुले डाव्या कोपऱ्यात ‘आपका फर्माबरदार शागिर्द’ लिहितात. लिपी बदलते, कोपरा बदलतो, पण शब्द तोच राहतो. आम्ही स्वतः शिकत असताना हा शब्द किती वेळा लिहिला असेल, याची मोजदाद नाही. बी.एड. करून मास्तरकीला लागल्यावर तो किती मुलांकडून लिहून घेतला, त्याचीही नाही. या शब्दाने आम्हाला कधी अडवले नव्हते. काही वर्षांपूर्वी एका पुस्तकाने अडवले. त्या पुस्तकाविषयी आणि त्याने आमच्यात जी उलथापालथ केली तिच्याविषयी चार शब्द लिहावेत, असे वाटते.

पुस्तक आहे स्टॅन्ली मिलग्रॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे ‘ओबीडियन्स टू अथॉरिटी’. ते १९७४ साली प्रसिद्ध झाले. नागपूरला सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांत ते आमच्या हाती लागले. आमचे इंग्रजी बेताचेच. एका बाजूला इंग्रजी-उर्दू लुगत, दुसऱ्या बाजूला मराठी शब्दकोश, अशा थाटात आम्ही दोन हिवाळे ते वाचत होतो. बी.एड.ला आम्ही पावलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकचे मांजर आणि स्किनरचा उंदीर पाठ केला होता. मिलग्रॅमने पिंजऱ्यात चक्क मास्तर ठेवला होता, आणि तो आमच्या अभ्यासक्रमात नव्हता.

प्रयोग थोडक्यात असा. १९६१-६२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात मिलग्रॅमने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन सामान्य माणसे बोलावली. स्मरणशक्ती आणि अध्ययन यांचा अभ्यास आहे, तासाभराच्या कामाचे चार डॉलर आणि येण्याजाण्याचे पन्नास सेंट मिळतील, असे सांगितले. आलेल्या माणसाला ‘शिक्षक’ करण्यात येई. दुसरा एक मनमिळाऊ, मध्यमवयीन गृहस्थ ‘विद्यार्थी’ होई. त्याला शेजारच्या खोलीत खुर्चीला बांधत. शिक्षकाने शब्दांच्या जोड्या विचारायच्या आणि उत्तर चुकले की विजेचा झटका द्यायचा. समोरच्या यंत्रावर ३० खटके होते. पहिला १५ व्होल्टचा, शेवटचा ४५० व्होल्टचा. प्रत्येक चुकीला एक खटका पुढे जायचे. खरे तर विद्यार्थी हा ठरवून आणलेला माणूस होता, त्याला झटका बसतच नव्हता. पण शिक्षकाला हे ठाऊक नव्हते. हृदयाचा थोडा त्रास आहे, असे त्या गृहस्थाने आधीच सांगितलेले असे. १५० व्होल्टला तो सोडा म्हणून ओरडे, पुढे किंचाळे, आणि ३३० नंतर पलीकडून काहीच आवाज येत नसे. शिक्षक कचरला की करड्या कोटातला प्रयोगकर्ता शांतपणे त्याला पुढे जायला सांगे. तो धमकी देत नसे, हातही उगारत नसे.

प्रयोगापूर्वी मिलग्रॅमने मनोविकारतज्ज्ञांना अंदाज विचारला. हजारात एखादाच शेवटच्या खटक्यापर्यंत जाईल, असे त्यांचे मत पडले. प्रत्यक्षात वर सांगितलेल्या प्रकारात ४० पैकी २६ माणसे ४५० व्होल्टपर्यंत गेली. ती क्रूर नव्हती. घाम पुसत, ओठ चावत, थरथरत ती खटके दाबत राहिली. स्त्रियांवर केलेल्या प्रयोगातही आकडा तोच आला, ४० पैकी २६.

येथे आम्ही पुस्तक मिटून ठेवले. याला दोन कारणे होती. एक म्हणजे करडा कोट घालून हुकूम देणारा प्रयोगकर्ता हा खरा शास्त्रज्ञ नव्हताच. तो ३१ वर्षांचा, शाळेत जीवशास्त्र शिकवणारा शिक्षक होता. तेव्हा आमचेही वय जवळपास तेच होते. दुसरे कारण आमच्या वर्गात होते.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा कायदा होताच, त्यामुळे आमच्या हातात छडी नव्हती. आपण मारत नाही, याचा आम्हाला अभिमान होता. मग पाढे पाठ न करणाऱ्यांचे काय? त्यासाठी मॉनिटर होता. तो बाकांच्या रांगेतून फिरे आणि ज्याचे पाढे आले नाहीत त्याच्या हातावर पट्टी मारी. कायद्याने आमचा हात बांधला होता, मॉनिटरचा नाही. पालकांची तक्रार नव्हती. मूल शाळेत घालताना उस्तादाला ‘गोश्त आपका, हड्डी हमारी’ म्हणण्याची रीत आमच्या घरांतून अजून पुरती गेलेली नाही.

एका आठवड्यात सहावीतील एका मुलीची मॉनिटर म्हणून पाळी आली. पट्टी हातात घेऊन ती उभी राहिली आणि म्हणाली, “टीचर, मैं नहीं मारूँगी.” आम्ही दोनदा सांगितले. तिने मान खाली घातली, पण पट्टी टेबलावर ठेवली. आम्ही तिला पूर्ण तास वर्गाबाहेर उभे केले. पट्टी दुसऱ्या मुलाकडे दिली. त्याने काम चोख केले आणि आम्ही त्याला शाबासकी दिली.

मिलग्रॅमच्या एका प्रयोगात खटका दाबण्याचे काम दुसऱ्यावर सोपवलेले असते. आलेल्या माणसाने फक्त बाजूची छोटी कामे करायची. येथे ४० पैकी ३७ माणसे शेवटपर्यंत बसून राहिली. स्वतःचा हात लागत नसला की माणूस किती निश्चिंत असतो! तो आकडा वाचताना आमच्यासमोर येल विद्यापीठ नव्हते. भंडारा जिल्ह्यातील टिनपत्र्याखालचा एक वर्ग होता, आणि दाराबाहेर उभी असलेली एक मुलगी होती.

वाङ्मय म्हणून या पुस्तकाची ताकद आकड्यांत नाही. ती त्यातील व्यक्तिचित्रांत आहे. नावे बदलून मिलग्रॅमने काही माणसे आपल्यासमोर उभी केली आहेत. हिटलरच्या जर्मनीत वाढलेली एक वैद्यकीय तंत्रज्ञ बाई २१० व्होल्टला थांबते. ती ओरडत नाही, भाषण देत नाही. पाहुण्याला नको असलेला चहा नम्रपणे नाकारावा, तसे पुढचे काम नाकारते. विजेचे काम जाणणारा एक अभियंता २५५ ला थांबतो. तुम्हाला दुसरा पर्यायच नाही, असे त्याला सांगितल्यावर तो चकित होतो, कारण पर्याय त्याला समोर दिसत असतो. आपण इतके पुढे गेलोच का, याचा दोष तो स्वतःकडे घेतो. शेवटपर्यंत जाणारी माणसे मात्र दोष बांधलेल्याच्या मूर्खपणाला देतात, नाहीतर कोटवाल्याला. ही प्रकरणे कथेसारखी वाचून होतात. पुढची सिद्धान्ताची प्रकरणे मात्र कोरडी वाटली. हुकूम पाळताना माणूस स्वतःला दुसऱ्याच्या इच्छेचे निव्वळ हत्यार समजू लागतो, असे मिलग्रॅम म्हणतो. पण मग घाम का फुटतो, हात का थरथरतो, याचा नीट उलगडा तो करू शकत नाही.

या पुस्तकावर टीकाही भरपूर झाली, आणि ती लपवणे योग्य नव्हे. माणसांना फसवून एवढ्या ताणाखाली ठेवणे नीतीला धरून आहे काय, असा सवाल डायना बॉमरिंड यांनी १९६४ सालीच केला होता. ऑस्ट्रेलियाच्या जिना पेरी यांनी जुनी कागदपत्रे आणि ध्वनिफिती तपासून २०१२ साली पुस्तक लिहिले. प्रयोगकर्ता ठरलेल्या वाक्यांच्या बाहेर जाऊन आग्रह करी, कित्येकांना खरी हकीकत लगेच सांगितलीच गेली नाही, आणि झटके खरे आहेत की नाही याची काहींना शंका होती, हे त्यांनी पुढे आणले. अलीकडे हॅस्लम आणि रायचर या अभ्यासकांनी निराळाच मुद्दा मांडला आहे. ‘तुम्हाला पर्याय नाही’ हा थेट हुकूम मुळात फारसा चालतच नाही. विज्ञानाचे काहीतरी थोर काम चालले आहे आणि आपण त्यात सहभागी आहोत, या भावनेने माणसे पुढे जातात.

हा मुद्दा आम्हाला मिलग्रॅमपेक्षाही अस्वस्थ करून गेला. धाकाने वाईट वागणाऱ्याला माफी असू शकते. पण शिस्त, समाजाची इज्जत, जातीचा मान, दीन, देश असे मोठे शब्द उच्चारून जो वाईट वागतो, तो रात्री शांत झोपतो. आम्हीही त्या तासानंतर शांत झोपलो होतो. मुलांचे भले करतो आहोत, अशीच आमची समजूत होती.

आता जिल्ह्याचे नाव घेतले आहे तर एक गोष्ट टाळता येणार नाही. २९ सप्टेंबर २००६. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी गावात भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांना जमावाने ठार मारले. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. २०१७ साली तेही गेले. आम्ही तेव्हा अकरावीत होतो. तो रमजानचा पहिला जुमा होता. त्या संध्याकाळी आमच्या घरी इफ्तारची गडबड चालू होती, आणि आमच्याच जिल्ह्यात हे घडत होते. आम्हाला कळले ते ईदनंतर, महाराष्ट्रभर निदर्शने सुरू झाली तेव्हा. घरात विषय निघाला आणि वडीलधाऱ्यांनी तो एका वाक्यात संपवला, “अपने को क्या लेना-देना, तुम अपनी पढ़ाई करो.” आम्ही पढाई केली. आज्ञाधारक होतो ना!

भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवले. सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांचा कारावास दिला. या प्रकरणावर आनंद तेलतुंबडे यांचे इंग्रजी पुस्तक २००८ साली आले. मिलग्रॅमनंतर आम्ही ते मुद्दाम मिळवून वाचले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की मिलग्रॅमची मर्यादा लख्ख दिसते. खैरलांजीत करड्या कोटातला कोणी हुकूम देत नव्हता. तेथे जात होती. बाईने ताठ मानेने जगावे, मुलांना शिकवावे, जमिनीचा हक्क सोडू नये, याचा राग होता. तो राग प्रयोगशाळेत मोजता येत नाही. मिलग्रॅमचा ‘विद्यार्थी’ आणि ‘शिक्षक’ समान पायरीचे होते, कोणी कोणत्या खोलीत बसायचे हे चिठ्ठी काढून ठरल्याचा देखावा तरी होता. आपल्याकडे चिठ्ठी जन्माच्या वेळीच निघालेली असते. म्हणून मारणाऱ्यांचा उलगडा मिलग्रॅमने होत नाही. पाहणाऱ्यांचा, दार लावून घेणाऱ्यांचा आणि ‘अपने को क्या’ म्हणणाऱ्यांचा मात्र थोडाफार होतो. आणि त्यांच्यात आम्ही होतो.

वाचकहो, येथे आपल्या समाजाला जरा कडू वाटेल असे बोलणे भाग आहे. १९९२-९३ ची मुंबई, २००२ चे गुजरात अशा जखमा आपल्या आठवणीत आहेत. त्यामुळे हे पुस्तक वाचताना आपण स्वतःला आपोआप त्या बांधलेल्या माणसाच्या खुर्चीत पाहतो. ती खुर्ची आपल्या वाट्याला आलेली आहे, हे खोटे नाही. पण पुस्तक वाचकाला त्या खोलीत बसवतच नाही. ते त्याला यंत्रासमोर बसवते. सोसणारा माणूस खटका दाबणारा असूच शकत नाही, ही आमची समजूत होती. ती या पुस्तकाने काढून घेतली.

आमच्या मोहल्ल्यातलेच उदाहरण सांगतो. तलाक होऊन माहेरी परतलेल्या एका बाईने पोटगीसाठी कोर्टात अर्ज केला. बुजुर्ग बसले आणि ठरले की तिच्या मुलीच्या निकाहला कोणी जायचे नाही. कोणी मोठ्याने बोलले नाही, धमकावले नाही. ‘मोहल्ले की इज्जत का सवाल है’ एवढेच म्हटले गेले. आम्ही त्या बैठकीत मागे बसलो होतो. आम्ही शिकलेले, बी.एड., आणि आम्ही मान हलवली. सायकलचे पंक्चर काढणारे एक चाचा तेवढे उठले. म्हणाले, “मैं तो जाऊँगा भाई, बच्ची ने मेरा क्या बिगाड़ा है?” आणि निघून गेले.

मिलग्रॅमच्या एका प्रयोगात ‘शिक्षका’च्या जोडीला आणखी दोन जण बसवलेले असतात. ते मध्येच एकेक करून काम सोडून उठतात. तेथे शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी फक्त चार उरतात. बाकीचे एकाएकी धीट झाले नव्हते, कोणीतरी आधी उठले होते, इतकेच. निकाहच्या दिवशी चाचा गेले. त्यांच्यामागे त्यांचा मुलगा आणि आणखी दोघे गेले. पाचवे आम्ही. आम्ही गेलो हे खरे, पण पाचवे होतो हेही खरे. स्वतःविषयी एवढे तरी खरे सांगता आले पाहिजे, हा या पुस्तकाने शिकवलेला पहिला धडा.

दुसरा धडा धर्माशी जवळचा आहे. मिलग्रॅमच्या माणसांत जुन्या कराराचे एक प्राध्यापक आहेत. ते १५० व्होल्टला थांबले. अन्यायी हुकुमाला माणसाने विरोध कसा करावा, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की ईश्वराची सत्ता सर्वांवर मानली की माणसाची सत्ता आपोआप लहान होते. आम्हाला लगेच हदीस आठवली. खालिकची नाफरमानी होत असेल तेथे मखलूकची इताअत नाही, हे आपल्याकडे मदरशातले मूलही सांगेल. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक प्रसंग आहे. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी एका तुकडीवर सरदार नेमला आणि त्याचे ऐका असे सांगितले. रागाच्या भरात त्याने आग पेटवायला लावली आणि साथीदारांना तिच्यात उतरण्याचा हुकूम दिला. ते अडखळले. ज्या आगीतून सुटण्यासाठी आपण रसूलांकडे आलो, तिच्यातच उतरायचे काय, असा प्रश्न त्यांना पडला. तोवर आग विझली आणि सरदाराचा रागही. ही हकीकत कानी गेल्यावर आपण म्हणाले की ते उतरले असते तर कधीच बाहेर आले नसते, इताअत फक्त भल्या गोष्टीत आहे.

पण येथे थांबून चालणार नाही. प्राध्यापकांचे उत्तर सुंदर आहे, तरी अपुरे आहे. मिलग्रॅमनेही ते हेरले आहे. त्या गृहस्थांनी हुकूमत नाकारली नाही, वाईट हुकूमतीच्या जागी चांगली ठेवली, असे तो म्हणतो. ईश्वराच्या नावाने बोलणारा कोण, हा प्रश्न उरतोच. आमच्या मोहल्ल्यातील बुजुर्गांनीही दीनचेच नाव घेतले होते. हदीसमधला सरदारही आपल्याला नेमणूक कोणाकडून मिळाली, ते सांगतच होता. त्याच्या माणसांना वाचवले ते त्यांच्या अडखळण्याने. हुकूम आणि हात यांच्यामध्ये जो क्षणभर उशीर होतो, त्याला आपण शाळेत मंदपणा म्हणतो आणि घरात बेअदबी. आमच्या वर्गातल्या त्या मुलीने तो उशीर केला होता.

तिसरा धडा आम्ही पुस्तकाच्या विरोधात जाऊन शिकलो. मिलग्रॅम वाचून काही दिवस आम्हाला प्रत्येक आज्ञेचा संशय येऊ लागला. हे टिकणारे नव्हते. रस्ता ओलांडताना हात धर, गॅसला हात लावू नको, अशा आज्ञांवरच मूल वाढते. आज्ञा बंद करणे हा उपाय नव्हे. नकार देण्याची जागा वर्गात आहे की नाही, हे पाहणे हा उपाय. मिलग्रॅमने दोन प्रयोगकर्त्यांना एकमेकांच्या विरुद्ध बोलायला लावले, तेव्हा एकही माणूस शेवटपर्यंत गेला नाही. घरात, जमातीत, शाळेत दुसरा आवाज असला की माणूस थांबू शकतो. म्हणून मतभेदाला फितना म्हणण्याआधी आपण दहादा विचार करावा.

आता आम्ही काय केले? फार काही नाही. पट्टी कपाटात गेली. मॉनिटर आता खडू आणि हजेरी सांभाळतो. त्या मुलीला आम्ही वर्गासमोर म्हटले, “उस दिन तुम सही थीं, हम गलत थे.” तिचा चेहरा फुलेल, अशी आमची अपेक्षा होती. ती खाली पाहत “ठीक है टीचर” म्हणाली आणि बसली. एका तासाची शिक्षा एका वाक्याने परत घेता येत नाही, हे त्या दिवशी कळले. ज्या मुलाने पट्टी चोख चालवली होती, त्याला काय सांगावे, हे अजूनही सुचलेले नाही. त्याला शाबासकी तर आम्हीच दिली होती.

गेल्या वर्षी अर्जलेखन शिकवताना आम्ही फळ्यावर ‘आपला विद्यार्थी’ एवढेच लिहिले. एका मुलाने हात वर केला. “टीचर, आज्ञाधारक नहीं लिखे तो मार्क कटेंगे?” आम्ही म्हटले, आमच्याकडे नाही कटणार. “और दूसरे टीचर के पास?” याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. त्याने थोडा विचार केला, वहीत तो शब्द लिहिला, मग पेन्सिलने त्याभोवती कंस केला.